कुलूप कपाटाला नाही, कलमात आहे

बीदर-भालकीच्या, औराद-बसवकल्याणच्या, आळंद-कलबुर्गीच्या वाचकहो,

महमूद गवानानं १४७२ साली बीदरला मदरसा बांधला. तिथल्या ग्रंथालयात ३००० हस्तलिखितं होती, असं सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात त्या इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज ग्रंथ हिरावायला दारूगोळा लागत नाही. करारातलं एक कलम पुरतं.

छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचं असतं. ते शेजारच्या ग्रंथालयाला खुशाल देता येतं. डेटाबेसचं तसं नाही. वर्गणी भरून मिळतो तो फक्त वापराचा परवाना. आंतरग्रंथालयीन देवघेव किती करायची, हे त्यात प्रकाशक ठरवतो. एखादा म्हणतो, लेख छापून टपालानं पाठवा, ई-मेल करू नका. एखादा देवघेवच नाकारतो. ई-पुस्तकांच्या वाट्याला तर हा नकार वारंवार येतो.

२०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३००० नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं-महाविद्यालयांना तिचा लाभ आहे. खासगी महाविद्यालयं आणि गावोगावची वाचनालयं मात्र बाहेरच राहिली. त्यांनी मागायचं ते शेजाऱ्याकडेच. आणि शेजाऱ्याचे हात करारानं बांधलेले!

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा अभ्यास-संशोधनासाठी मोकळीक देतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली अभ्यासासाठी पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स काढण्याच्या खटल्यात विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला. ब्रिटननं २०१४ साली कायदाच केला: ग्रंथालयांना कायद्यानं दिलेली प्रती काढण्याची मोकळीक करारानं हिरावता येणार नाही. मग कायद्यानं दिलेलं आपण सहीच्या एका फटक्यात का सोडून द्यावं?

ग्रंथपालहो, सही करण्याआधी ते कलम वाचा, खोडा, बदलून मागा. प्राध्यापकहो, ग्रंथालय समितीत कराराची प्रत टेबलावर ठेवायला लावा. विद्यार्थ्यांनो, हवा तो लेख लेखी मागा. नकार आला तर तोही लेखीच घ्या. असे शंभर नकार एका फाइलीत जमू द्या, मग ती फाइल घेऊन विद्यापीठाच्या दारी जाऊ. यात कन्नड-मराठी भेद नाही. नकाराची चिठ्ठी दोघांनाही सारखीच येते.

बसवकल्याणच्या मातीत बाराव्या शतकात अनुभवमंटपात चांभारापासून प्रधानापर्यंत सगळे एका बैठकीला बसले. तिथं आत येण्यासाठी वर्गणीची पावती कुणी मागितली नव्हती. त्या मातीतल्या माणसांनी दारात ताटकळत बसायचं नसतं. उठा, करार मागा!