पोथीला वेळ आहे, पुस्तकाला नाही?



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बायांच्या बैठकीला गेले की मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारते : सध्या काय वाचताय? बाया हसतात. त्यांचं हसणं मला कळतं. कळत नाही ते आपल्याच कार्यकर्त्यांचं उत्तर. "अगं, पाणी रात्री दोनला येतं, नवरा मारतो, रेशनकार्डावर नाव नाही. पुस्तकं कसली काढतेस? ही पांढरपेशी चैन आहे." एका देणगीदार संस्थेच्या बाईंनी तर आमच्या अहवालातल्या वाचनाच्या तासावर बोट ठेवून विचारलं, याचं फलित काय?

मला या उत्तराशी भांडायचं आहे.

बायांना वेळच नाही म्हणणाऱ्यांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारी कुठल्याही चाळीत जाऊन बघावं. महालक्ष्मीच्या व्रताची पुस्तिका घरोघर असते. एक वाचते, चौघी ऐकतात. सकाळच्या लोकलला बायांच्या डब्यात गजानन महाराजांची पोथी उघडलेली असते, शेजारी मटार सोलणं चालू असतं. बदलापूरहून मुंबई गाठेपर्यंत अध्याय होतात. म्हणजे कसाबसा का होईना, वेळ काढला जातो. मोठ्याने वाचायची रीतही आहे. नाही ती परवानगी. पोथी घेऊन बसलेल्या बाईला कोणी उठवत नाही. तीच बाई कादंबरी घेऊन बसली की सासू, नवरा, अगदी दहा वर्षांचा मुलगासुद्धा विचारतो, "काही काम नाही का?" मी पोथीची टिंगल करत नाही, तिच्यामुळे बाईला अर्धा तास तरी स्वतःचा मिळतो. पण बाईच्या वाचनावर पुण्याचा शिक्का लागतो, तेव्हाच ते चालतं. आणि "आधी पोटाचं बघा" म्हणताना आपणही शिक्काच मागतो, फक्त पुण्याऐवजी उपयोगाचा.

सध्या मी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुन्हा वाचते आहे, आणि एकटी नाही. फलटणला बेबीताईंचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. लिहिलेलं मात्र त्यांनी नवऱ्यापासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं. पुस्तक आलं १९८६ साली. आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या बाईला आपलेच कागद आपल्याच घरात लपवावे लागले, आणि आपण विचारतो वाचनाचा मारहाणीशी संबंध काय!

आमच्या वाचनाला येणाऱ्या बऱ्याचजणी जीन्सचे धागे कापण्याचं काम घरी आणतात. नगावर पैसे. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून एक वाचते, बाकीच्या धागे कापत ऐकतात. ही काही आमची नवी युक्ती नाही. क्युबातल्या सिगार कामगारांनी १८६५ पासून कारखान्यात वाचून दाखवणारा माणूस ठेवला, त्याचा पगार स्वतःच्या मजुरीतून दिला. १८६६ साली सरकारने त्यावर बंदी आणली. चैनीवर कोणी इतक्या घाईने बंदी घालतं का?

बेबीताईंनी सासरहून पळालेल्या सुनांबद्दल लिहिलंय. पायात जड लाकडी खोडा अडकवलेला, आणि तो ओढत कामं करायची. ते वाचलं त्या दिवशी कात्र्या थांबल्या. मग एकजण म्हणाली, "आमच्याकडे खोडा नव्हता, बाहेरून कडी होती." बदलापूरची एक म्हणाली, "हे त्यांच्यात असेल, आमच्यात नव्हतं." त्यावर दुसरीने विचारलं, "मग केशवपन कोणाचं व्हायचं?" दोन शनिवार हे भांडण चाललं. जातीवर एवढं उघड बोलणं मी आपल्या शिबिरांतही फारसं ऐकलेलं नाही. तिथे सगळ्या आधीच शहाण्या झालेल्या असतात.

समुपदेशनाच्या फॉर्मवर बाईला विचारलं जातं : घटना काय, तारीख कोणती, साक्षीदार कोण. बाई गप्प होते. पुस्तकातल्या बाईच्या आडून मात्र ती बोलते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. नंतरच्या सभांमध्ये कॅमेरे आणि फाशी यावर पुष्कळ बोललं गेलं. लहानपणी स्वतःला काय सोसावं लागलं, हे तिथे कोण बोलणार? आमच्याकडे ते निघालं ते एका आत्मकथनावरच्या बोलण्यातून. याचं फलित कोणत्या रकान्यात भरायचं, बाई?

एकेकटीने वाचलेलं पुस्तक पुसलंही जातं. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं. खुद्द जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली होती. तरी ते विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती आलं. ९३ वर्षं! मधल्या किती पिढ्यांनी तोच राग पुन्हा पहिल्यापासून शोधला असेल? पुस्तकावर बोलणारा बायांचा घोळका नसला की असं होतं.

उल्हासनगरात हे आज डोळ्यांसमोर घडतंय. फाळणीत सिंध सोडून आलेल्या पोपटी हिरानंदानींच्या आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण सिंधी पुस्तकं बहुतेक अरबी वळणाच्या लिपीत. आजीला वाचता येतात, नातीला भाषा कळते पण लिपी येत नाही. आजी आहे तोवर तिला मध्ये बसवून वाचून घ्यायला हवं. याला कुठला निधी लागतो? एक सतरंजी आणि आजीचा चष्मा.

ग्रंथालयांवरही माझा राग आहे. बदलापुरात 'ग्रंथसखा'सारखं मराठी पुस्तकांचं मोठं भांडार उभं राहिलं, ते मोलाचंच. पण आमच्या वस्तीजवळचं वाचनालय उघडतं नेमकं पोळ्या लाटायच्या वेळी. वेळ बदला म्हणून आम्ही अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही, आम्ही पुन्हा जाणार आहोत.

दरम्यान, बचत गटाची वही मिटली की पुढचा अर्धा तास पुस्तकाचा, एवढं प्रत्येक गटाने करावं. हप्त्यांचा हिशोब करायला आपल्याला वेळ सापडतोच. पुढच्या महिन्यात आम्ही ऊर्मिला पवारांचं 'आयदान' घेतोय. त्यांची आई बांबूच्या टोपल्या विणायची, तेव्हा धागे कापणाऱ्या बायांना त्यात बोलण्यासारखं पुष्कळ सापडेल. तुमच्या गटात काय वाचलं जातंय आणि कशावरून भांडण झालं, ते अंकाच्या पत्त्यावर कळवा. भांडणाचं आधी लिहा.