कोकण राज्याची मागणी आणि गोव्याचा अर्धा दाखला

पावस (रत्नागिरी) : स्वतंत्र कोकण राज्याची मागणी अधूनमधून डोके वर काढते, तेव्हा शेजारच्या गोव्याचा दाखला हमखास दिला जातो. पण अर्धाच. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. मात्र त्यातून राज्य मिळाले नाही. पर्याय विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, एवढेच होते. घटक राज्याचा दर्जा मिळण्यास ३० मे १९८७ उजाडावे लागले.

घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार हा अधिकार संसदेचा आहे आणि त्यासाठी साधे बहुमत पुरते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने फेटाळलेले विधेयक संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केले आणि २ जून रोजी तेलंगण अस्तित्वात आले. याउलट, राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये शिफारस करूनही विदर्भ महाराष्ट्रातच राहिला. कोकणाच्या हाती तर तशी शिफारसही नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तो मुंबईच्या निर्णयाने. जिल्हा मुंबई देऊ शकते. राज्य दिल्लीच देते. आणि तेथे या दोन्ही जिल्ह्यांच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ एकच आहे.