भरवसा कशावर ठेवायचा?

टेंभी नाक्यावर बसची वाट पाहत होतो. नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, बोइंगच्या यानातून सुनीता विल्यम्स परत येऊ शकल्या नाहीत. मग आपल्या विक्रोळीला बनणाऱ्या इंजिनांवर तरी भरवसा ठेवायचा का?"

शंका रास्त आहे. जून २०२४ मध्ये स्टारलायनरमधून हेलियम गळला, पाच थ्रस्टर बंद पडले. यान सुरक्षित आहे, असे कंपनी सांगत राहिली. नासाने ते रिकामेच उतरवले.

पण मित्रांनो, १९८६ सालचे चॅलेंजर पाहा. थंडीत सांध्यांतली रबरी कडी ताठरतील, १२ अंश सेल्सियसखाली उड्डाण नको, असे मॉर्टन थायोकॉलच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावले होते. वरिष्ठांनी ऐकले नाही. सात जण गेले. पुढे चौकशीत फाइनमन यांनी ते रबर चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवले. चिमटा काढला, तरी रबर लगेच फुगेना! दोष कंपनीतल्या माणसांना ठाऊक होता. लोकांना तो नंतर कळला.

विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिने बनतात. गगनयानाच्या प्रक्षेपकातही तीच आहेत, आणि त्यात माणसे बसायची आहेत. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ फसले. दोष विकासचा नव्हता, घन इंधनाच्या तिसऱ्या टप्प्याचा होता. समिती नेमली गेली. पण २०२५ अखेरपर्यंत तिचा अहवाल लोकांपुढे आला नाही. १२ जानेवारी २०२६ ला सी६२ चाही तिसराच टप्पा बिघडला. अहवाल दडवण्यात कसली आली देशसेवा?

त्या मुलाला म्हटले, "इस्रोला पत्र लिहून अहवाल माग. पत्ता मी देतो."