‘जुना झाला’ हे निदान नव्हे

आमच्या ढाणकीत संगणक थिजला की सल्ला तयारच असतो : ‘जुना झालाय, बदलून टाका.’ हा सल्ला देणाऱ्यांत साहित्याचे अध्यापकही असतात, याचे आम्हांस विशेष नवल वाटते. संहिता न वाचता लेखकाच्या वयावरून अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाला ही मंडळी वर्गात फैलावर घेतात. यंत्रापुढे मात्र स्वतः नेमके तेच करतात.

आमचा संगणक दोन जीबी मेमरीचा, त्यावर लिनक्स. एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत आम्ही त्या थेट टंकित करीत होतो. एका शब्दाचा अर्थ पाहावा म्हणून ब्राउझर उघडला. माऊसचा बाण अडखळला, डिस्कचा दिवा अखंड पेटून राहिला, आणि शेवटी बटण दाबून यंत्र बंद करावे लागले. काम वेळोवेळी जतन केले नव्हते, ही चूक आमचीच. आजींनी ओव्या पुन्हा सांगितल्या; पण त्या त्याच नव्हत्या. मौखिक परंपरा शिकविणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता साधा हिशेब करू. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. पानाला १,८०० चिन्हे धरली, तर ४०० पानांची कादंबरी जेमतेम दोन एमबी भरते. म्हणजे अशा हजारेक कादंबऱ्यांची अक्षरे सामावू शकणारी मेमरी जाहिराती आणि चलचित्रांनी लादलेली चार संकेतस्थळे उघडताच गुदमरते. यात दोष यंत्राच्या म्हातारपणाचा की आजच्या संकेतस्थळांच्या उधळेपणाचा?

पण लिनक्सच्या भक्तांनी एवढ्यावर टाळ्या पिटू नयेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यानंतर ‘लिनक्स घाला, कोणतेही जुने यंत्र पळेल’ असे सांगणारे अर्धसत्य सांगतात. मेमरी संपत आली की लिनक्सचा कर्नल चालू प्रोग्रामची पाने बाहेर काढतो आणि क्षणात तीच डिस्कवरून पुन्हा मागवतो. डिस्कवर स्वॅपची जागा नसली तरी हे चालते, कारण प्रोग्रामचा मूळ मजकूर डिस्कवरच असतो. अगदीच निरुपाय झाल्यावर कर्नल एखादा प्रोग्राम मारतो. पण तोवर माणसाचा धीर सुटलेला असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द कर्नल घडविणाऱ्यांपुढे ही तक्रार जाहीरपणे मांडली गेली. थिजणे म्हणजे वार्धक्य नव्हे. लांबणीवर टाकलेला निर्णय होय.

तेव्हा तो निर्णय आधी घ्यावा. ‘अर्लीऊम’ नावाचा छोटा प्रोग्राम, मोकळी मेमरी आणि स्वॅप दोन्ही दहा टक्क्यांखाली गेले की, सर्वांत खादाड प्रोग्राम बंद करतो. ‘झेडरॅम’ मेमरीतलाच मजकूर दाबून ठेवतो आणि डिस्कची फेरी वाचवतो. फेडोरा या लिनक्स-वितरणाने २०२० मध्ये या दोन्ही गोष्टी आपल्या मूळ मांडणीत आणल्या. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा, ब्राउझरचे टॅब मोजून उघडावेत, आणि शक्य असेल तर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी.

निदान मात्र आधी. ‘फ्री’ आणि ‘टॉप’ या दोन आज्ञा मेमरी कोण खातो ते सांगतात. यंत्र थिजले असता डिस्कचा दिवा विझलेला असेल आणि कॅप्स लॉकचा दिवाही दाद देत नसेल, तर दोष बहुधा अन्यत्र आहे : ग्राफिक्सचा ड्रायव्हर, वाढलेले तापमान किंवा खराब रॅम. तिथे वरचे उपाय व्यर्थ. काही यंत्रे खरोखर निकामीही झालेली असतात, हेही आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप न पाहता दिलेल्या निकालाला आहे.

ढाणकीसारख्या गावात नवा संगणक म्हणजे कुणाच्या तरी घरच्या कापसाचा पैसा. तो खर्च करा असे सांगण्यापूर्वी दोन आज्ञा टंकित करण्याचे कष्ट सल्लागारांनी घ्यावेत. आमचे यंत्र आता अर्लीऊमच्या पहाऱ्यात चालते. परवा ब्राउझर मध्येच बंद पडला. ओवी मात्र शाबूत राहिली.