पीतबिंदूचा आहार

डोळ्यांसाठी गाजर खा, हा सल्ला घरोघरी मिळतो आणि आपल्या ओपीडीतही. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. रातांधळेपणा टाळायला ते हवेच. पीतबिंदूला मात्र लागते ते वेगळेच. रक्तात फिरणाऱ्या अनेक कॅरोटिनॉइडांमधून तो निवडून घेतो ती दोनच, ल्युटिन आणि झिअॅक्झँथिन. तिसरे, मेसो-झिअॅक्झँथिन, ल्युटिनपासून डोळ्यातच बनते.

ही रंगद्रव्ये मुख्यतः हेन्ले तंतूंच्या थरात, म्हणजे प्रकाशग्राही पेशींच्या बाह्यखंडांच्या अलीकडे साठतात. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश तिथेच अडतो. शिवाय बाह्यखंडांच्या पटलांत डीएचए भरपूर असल्याने त्यांचे ऑक्सिडीकरण लवकर होते; तिथेही ही द्रव्ये आक्रमक ऑक्सिजनला निष्प्रभ करतात.

एवढ्यावरून प्रत्येकाला कॅप्सूल लिहून द्यावी का? वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासावरील 'एरेड्स-२' चाचणीचे उत्तर सरळ 'हो' असे नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते. आधीच्या 'एरेड्स' चाचणीतल्या, बीटा-कॅरोटीन असलेल्या मूळ मिश्रणात १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिअॅक्झँथिन घातल्याने एकंदरीत जादा फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या जेवणातच ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्या पाचव्या हिश्शात आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटला. हे दुय्यम विश्लेषण आहे, त्याचा बोलबाला करू नये; तरीही रुग्णाच्या ताटाकडे पाहायला ते पुरेसे कारण आहे.

याच चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांपैकी २ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ०.९ टक्के रुग्णांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, आणि त्यांतले बहुतेक पूर्वी धूम्रपान करणारे होते. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासाने हा इशारा १९९४ मध्येच दिला होता. त्यामुळे 'विडी सोडली, दहा वर्षं झाली' असे सांगणाऱ्या रुग्णालाही बीटा-कॅरोटीनचे जुने मिश्रण देऊ नये.

कॅप्सूलमधले ल्युटिन बहुधा झेंडूच्या पाकळ्यांतून काढलेले असते. ताटातले पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला यांतून येते. मका झिअॅक्झँथिन देतो. अंड्याच्या बलकात प्रमाण कमी, पण ते शरीरात चांगले शोषले जाते. ही द्रव्ये स्निग्धांशात विरघळतात, म्हणून तेलाची फोडणी दिलेली पातळ भाजी कोरड्या उकडलेल्या पाल्यापेक्षा सरस.

'एरेड्स'चे मिश्रण मध्यम टप्प्यातल्या, किंवा एका डोळ्यात प्रगत आजार असलेल्या रुग्णांसाठी आहे. नुसते डोळे थकतात म्हणणाऱ्या तरुणाच्या हाती महिन्याकाठी त्याची महागडी बाटली देण्याला या चाचण्यांचा आधार नाही. तेव्हा केस पेपरवर दोन ओळी वाढवा: आठवड्यात पालेभाजी किती वेळा, आणि तंबाखू किंवा विडी-सिगारेट आज किंवा पूर्वी कधी. चिठ्ठी त्यानंतर लिहा.