अट बारावीची, मोल वेठीचें!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

तुम्ही खुरपें घेऊन रानांत जातां, मागावर बसतां, तेव्हां तुमचें चार वर्षांचें पोर कोण संभाळतें? अंगणवाडीची ताई! तीच त्याला बडबडगीतें शिकविते, अक्षरओळख करून देते, वजन घेते, खाऊ घालते. शिवाय गरोदर बायांची नोंद, लसीचा दिवस, आणि २०२१ पासून मोबाईलवरची माहितीही तिच्याच गळ्यांत.

ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. पन्नास वर्षें लोटलीं, तरी सरकारदफ्तरीं ही बाई ‘मानसेवी’च! तिला पगार नाहीं, मानधन आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें केंद्रानें मानधन ठरविलें तें सेविकेस महिना ४,५०० रुपये व मदतनिसास २,२५०. राज्य सरकार त्यांत भर घालतें. पण हातीं झोळी घेतल्यावांचून नव्हे. ४ डिसेंबर २०२३ पासून या बाया अंगणवाड्यांना कुलपें लावून रस्त्यावर बसल्या, त्या काय हौसेनें?

आतां अटी पाहा. पूर्वीं दहावी पुरे होती. केंद्राच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें नव्या सेविकेस बारावी पाहिजे. २०२० च्या शिक्षणधोरणानें बारावी झालेलीस सहा महिन्यांचा व कमी शिकलेलीस वर्षाचा अभ्यासक्रम नेमला. शिकण्यास आमची ना नाहीं. गरिबाच्या पोरासही शिकलेलीच बाई हवी. पण अट लावतांना ‘शिक्षिका’ आणि पैसे मोजतांना ‘स्वयंसेविका’, हा कोठला न्याय? सुताराकडून सागवानी काम घ्यावें आणि बाभळीचें मोल हातावर ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार!

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनला सांगितलें, कीं गांवचा शिक्षक शेतकऱ्यांत मिसळणारा, वेळेस नांगर धरणारा असावा. त्याला नीट तयार करावें आणि बारा रुपयांहून कमी पगार देऊं नये. तयारी व पगार या दोन्ही गोष्टी त्यांनीं एकत्रच मागितल्या. आजच्या सरकारनें पहिली उचलली आणि दुसरी गिळली!

एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या बायांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. न्यायाधीशांस जी नोकरी दिसली, ती सरकारास कां दिसूं नये?

तेव्हां स्वस्थ बसूं नका. पुढच्या ग्रामसभेंत उभे राहा आणि ठराव करून घ्या: शिक्षिकेची अट लावतां, तर शिक्षिकेचा पगार द्या, आणि आज राबणाऱ्या ताईला शिकवायचें, तर तें सरकारच्या खर्चानें. ताई उपाशी राहून तुमचें पोर शहाणें होणार नाहीं!