धावताना पाणी तहानेपुरतंच

मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत मी दरवर्षी सेवेला असते. धावून आलेला माणूस डगमगायला लागला की भोवतालचे सगळे ओरडतात, "पाणी पाजा!" माझा याला ठाम विरोध आहे. आधी त्याची बोटं बघा. अंगठी रुतलीय का? घड्याळाचा पट्टा घट्ट झालाय का? मळमळतंय, बोलणं असंबद्ध होतंय? मग पाणी कमी नव्हे, जास्त झालेलं असू शकतं.

लांब पल्ल्याच्या श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, लघवी कमी होते. त्यात वाटेतल्या प्रत्येक टेबलावर पेला रिचवला की रक्तातलं सोडियम उतरतं. फार उतरलं तर मेंदूला सूज येते, जीवही जातो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांना धोका जास्त होता. आपल्याकडचे कितीतरी हौशी धावपटू याच गटातले.

मुंबईत जानेवारीतही हवा दमट. पेडर रोडच्या चढावर घाम निथळतो. तहान लागली की जरूर प्या. पण धावगटांच्या व्हॉट्सॲपवर फिरणारी 'दर दोन किलोमीटरला पाणी' ही वेळापत्रकं बंद व्हायला हवीत. आणि आयोजकांनी प्रत्येक तंबूत सोडियम मोजायचं छोटं यंत्र ठेवावं. काही मिनिटांत आकडा मिळतो. तो हातात आल्याशिवाय अशा रुग्णाला सलाईन लावू नये.